दगड झेलणारी भिंत: खाऱ्या वाऱ्यात टिकणारं, धक्का जिरवणारं काँक्रीट कसं करावं

"साहेब, एम पन्नास टाकूया का? मग दगड आला तरी काळजी नाही ना?"

हा प्रश्न मला दर वर्षी होळीच्या आसपास कुणी ना कुणी विचारतंच. घर डोंगराच्या पायथ्याशी, समोर हाकेच्या अंतरावर समुद्र, आणि गेल्या पावसात पाठच्या परड्यात एखादा धोंडा येऊन पडलेला. विचारणाऱ्याची भीती खरी असते. पण काँक्रीटच्या प्रतीचा हा 'एम' आकडा फक्त एवढंच सांगतो, की २८ दिवसांचा १५० मिलिमीटरचा ठोकळा दाबयंत्रात किती दाबाला फुटला. वरून येणारा दगड भिंतीला सावकाश दाबत नाही, घाव घालतो. खारा वारा तर दाबतही नाही, आतली सळई खातो. या दोन्ही गोष्टींबद्दल तो आकडा जवळजवळ गप्प असतो.

या लेखात मी एकच बांधकाम धरून चालतो आहे: डोंगरउतारावरून सुटणारे दगड अडवणारी, समुद्राकडच्या हवेत उभी राहणारी संरक्षक भिंत. जेटीची कड, रस्त्याकडेची आडभिंत किंवा धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावरची भिंत, यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सुटे दगड येणं वेगळं आणि दरड कोसळणं वेगळं. जुलै २०२१ मध्ये महाडजवळच्या तळियेत आणि जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीत उतारच्या उतार खाली आला. अशा ठिकाणी कुठल्याही काँक्रीटची कुठलीही भिंत उपयोगाची नाही. वरच्या अंगाला जमिनीला लांब भेग पडली असेल, झाडं तिरकी झाली असतील, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ येत असेल, तर भिंतीचा विचार सोडा आणि पावसाआधी माणसं हलवा. तहसीलदाराला लेखी कळवा. पुढचं सगळं फक्त सुट्या दगडांसाठी आहे.

पहिलं काम: दगड किती जोराने येणार याचा हिशोब

डोंगरावर चढून जा आणि सैल दगड मोजा. सगळ्यात मोठा कोणता, तो किती उंचीवर आहे, मध्ये झाडी किती आहे, हे वहीत लिहा. समजा सव्वा-दीड फुटी चौकोनी काळा दगड आहे. त्याचं वजन साधारण २०० किलो भरतं. तो १० मीटर उंचीवरून कुठेही न अडता खाली आला, तर त्याचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या घरात जातो आणि ऊर्जा होते सुमारे २० किलोज्यूल.

आता खरी गंमत बघा. हा दगड भिंतीवर आदळून १ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर भिंतीवर सरासरी २०० टनांचा जोर येतो. तोच दगड अर्धा मीटर रुतत रुतत थांबला, तर जोर उरतो जेमतेम ४ टनांचा. दगड तोच, वेगही तोच, फक्त थांबायला मिळालेलं अंतर वेगळं. क्रिकेटमध्ये चेंडू झेलताना हात मागे घेतात ते याचसाठी.

म्हणून भिंत नुसती कडक करत नेणं मला पटत नाही. आधी दगडाला रुतायला जागा द्यायची, उरलेला धक्का चिवट काँक्रीटने घ्यायचा, आणि तरीही मागच्या बाजूने कपचा उडालाच तर तो माणसांपर्यंत जाऊ द्यायचा नाही. तीन थर, तीन कामं.

२२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दगडांवर गाडी आदळली आणि ५० हून अधिक प्रवासी गेले. त्यानंतर कोकण रेल्वेने कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या मार्गावर, जाळ्या बसवल्या, उतार कमी केले, पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवला. या उपायांमध्ये कुठेही नुसती जाड भिंत नाही, हे लक्षात घ्या. तुम्हीही भिंत बांधण्याआधी जे दगड पहारीने सोडवून सुरक्षितपणे खाली आणता येतील ते आणून घ्या, आणि जे येणार नाहीत त्यांना जाळी मारा. निम्मं काम तिथेच होतं. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यायचं, आणि त्या वेळी खालची घरं रिकामी हवीत.

मीठ आत येऊ द्यायचं नाही

मुरुडच्या समुद्रात पद्मदुर्ग आहे. तिथे तटाजवळ जाऊन दगडावर हात फिरवा. लाटांनी आणि खाऱ्या हवेने दगड झिजून खोल गेलेत, आणि दोन दगडांमधला चुना मात्र रेघेसारखा पुढे राहिला आहे. एरवी आपण म्हणतो की दगड टिकतो आणि चुना झिजतो. इथे तीनशे वर्षांत उलटं झालं. समुद्राजवळ टिकाऊपणा कडकपणावर ठरत नाही, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या तटाने नीट शिकवलं.

आपल्या काँक्रीटमध्ये पद्मदुर्गाला नव्हती अशी एक कमजोर वस्तू असते: लोखंडाची सळई. मिठातलं क्लोराइड तिच्यापर्यंत पोचलं की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहापट जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. म्हणजे दगड येईल तेव्हा भिंत आधीच पोखरलेली असते.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत खाडीकाठच्या एका भिंतीला खाडीचीच हातपाटीची वाळू वापरली होती. धुऊन घेतली आहे असं मला सांगितलं गेलं, आणि मी स्वतः न बघता मान डोलावली. सहाव्या पावसाळ्यानंतर भिंतीवर वरपासून खाली तांबड्या रेघा उतरल्या आणि बोटाने ओढलं तरी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सुटून हातात येऊ लागलं. ठोकळ्यांचे निकाल त्या वेळी उत्तम आले होते. ती भिंत पुढे पाडावी लागली, आणि ती मान डोलावल्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून काही गोष्टींवर मी अडून बसतो. वाळू खाडीची नाहीच, चांगल्या क्रशरची धुतलेली क्रश सँड. पाणी पिण्यालायक. खाडीजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, आणि जानेवारीत चाललेलं पाणी मेमध्ये चालेलच असं नाही. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, असं आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं. प्रयोगशाळेत पाण्याची बाटली पाठवायला फार पैसे लागत नाहीत.

याच आयएस ४५६:२००० मध्ये हवामानाच्या पायऱ्या दिल्या आहेत. किनारपट्टीच्या उघड्या हवेतल्या कामाला निदान एम ३०, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पर्यंत, कव्हर ४५ मिलिमीटर. लाटांचे तुषार उडतात तिथे एम ३५ आणि ५० मिलिमीटर. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात एम ४०, प्रमाण ०.४० आणि कव्हर ७५. मी तुषारांची पायरी धरतो, घर किनाऱ्यापासून थोडं आत असलं तरी. जूनचा वारा मीठ कुठवर नेतो ते खिडकीच्या गजांना विचारा.

सिमेंट साधं ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलंड सिमेंट) न घेता पोर्टलंड स्लॅग सिमेंट घ्या. लोखंडाच्या भट्टीतल्या स्लॅगमुळे, म्हणजे मळीमुळे, काँक्रीटमधली सूक्ष्म छिद्रं बारीक होतात आणि क्लोराइडची वाट अडते. याला ताकद यायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून शटरिंग काढायची घाई नको आणि क्युरिंगमध्ये, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्यात, कसूर नको.

चिवटपणा कुठून येतो

गावाकडे मातीची भिंत लिंपताना चिखलात भाताचा पेंढा तुडवतात. का, असं आजीला विचारलं तर ती म्हणायची, "माती सुटू नये म्हणून." फायबर काँक्रीटमागची कल्पना हीच आहे. काँक्रीट दाबाला भक्कम, पण ताणाला त्याची ताकद दाबाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एकदा चीर गेली की ती सरळ आरपार पळते. आत हजारो तंतू असतील तर चिरेला प्रत्येक तंतू उपसून काढावा लागतो, आणि त्या उपसण्यात धक्क्याची ऊर्जा खर्ची पडते.

आपल्याकडे सहज मिळणारे प्रकार तीन.

टोकं वळवलेलं स्टील फायबर, लांबी ३० ते ६० मिलिमीटर. धक्क्यासाठी सगळ्यात भरवशाचं. घनमीटरला ४० किलो घातलं तर ते आकारमानाच्या अर्धा टक्का होतं. पृष्ठभागावरचे तंतू गंजून भिंतीवर तांबूस ठिपके येतात. ते दिसायला वाईट, पण तंतू एकमेकांना जोडलेले नसल्यामुळे तो गंज सळईसारखा आत पसरत जात नाही.

जाड प्लॅस्टिकचं, म्हणजे मॅक्रो सिंथेटिक फायबर. घनमीटरला ५ ते ८ किलो. हे गंजत नाही, म्हणून थेट लाटेच्या जागी मी हेच घेतो. चीर थोडी रुंद झाल्यावर त्याचं काम खरं सुरू होतं.

केसासारखं बारीक पॉलीप्रॉपिलीन, घनमीटरला ९०० ग्रॅम. हे ओल्या काँक्रीटला उन्हा-वाऱ्यात पडणाऱ्या चिरा थांबवतं, बाकी काही नाही. दुकानदार हेच दाखवून "यानेच धक्का सहन होतो" म्हणेल, त्यावर विश्वास ठेवू नका.

काचतंतूंच्या सळयांबद्दल हल्ली बरंच विचारतात. त्या गंजत नाहीत आणि जेटीच्या स्लॅबला मला त्या पसंत आहेत. पण लोखंडी सळई ताणली जाते, वाकते, मोडण्याआधी सांगते. काचतंतूंची सळई शेवटपर्यंत सरळ ताण घेते आणि मग तटकन तुटते. साइटवर ती वाकवताही येत नाही. दगड झेलणाऱ्या भिंतीत मी अजून लोखंडच वापरतो, कव्हर नीट ठेवून.

मिशिगन विद्यापीठात व्हिक्टर ली यांनी विकसित केलेलं वाकणारं काँक्रीटही आहे. त्यात खडी नसते, पीव्हीए (पॉलीव्हिनाइल अल्कोहोल) तंतू साधारण २ टक्के असतात, आणि ते तुटण्याआधी ३ ते ५ टक्के ताणलं जातं. दुरुस्तीच्या पातळ थराला ते अप्रतिम. अख्खी भिंत त्यात करणं आपल्या खिशाला झेपणारं नाही.

मिश्रण

छोट्या मिक्सरवर काम करणाऱ्यांसाठी गोणीचा हिशोब देतो. स्लॅग सिमेंटच्या एका ५० किलोच्या गोणीला पाणी २० लिटर, क्रश सँड सुमारे १०७ किलो, १० मिलिमीटर खडी ५५ किलो, २० मिलिमीटर खडी ७५ किलो, स्टील फायबर ५ किलो, आणि सुपरप्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल ठेवणारं रसायन) कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात. अशा ८ गोण्यांचं मिळून सुमारे एक घनमीटर होतं. ही फक्त सुरुवात आहे. तुमच्या क्रशरच्या मालावर चाचणी मिश्रण करून, ठोकळे फोडून, मगच प्रमाण पक्कं करा.

खडी काळ्या दगडाचीच. जांभा चिऱ्यांच्या घराला सुंदर, पण या काँक्रीटला नाही. खडीचा आघात निर्देशांक काढून घ्या: १० ते १२.५ मिलिमीटरच्या खडीवर सुमारे १४ किलोचा हातोडा ३८ सेंटिमीटरवरून १५ वेळा पाडतात आणि २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून किती भुगा गळतो ते मोजतात. ३० टक्क्यांच्या आत हवा.

वाळूतल्या ओलाव्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. १०७ किलो वाळूवर ४ टक्के ओल असेल, तर त्यातच ४ लिटरहून अधिक पाणी आलं. मग वरून २० नाही, साधारण १६ लिटरच घालायचं. कढईत मूठभर वाळू वजन करून गॅसवर कोरडी करा आणि पुन्हा वजन करा, दहा मिनिटांत उत्तर मिळतं. रोज सकाळी हे करायचं.

मिक्सरमध्ये आधी खडी आणि थोडं पाणी, मग वाळू, सिमेंट, उरलेलं पाणी आणि प्लॅस्टिसायझर. मिश्रण सारखं झालं की शेवटी फायबर. ते घमेल्यातून एकदम ओतलंत तर आत साळिंदरासारखे गोळे होतात, आणि तो प्रत्येक गोळा म्हणजे भिंतीतली पोकळी. मिक्सर फिरता ठेवून मिठासारखं भुरभुरवत, दीड-दोन मिनिटं घेऊन घाला, पुढे तीन मिनिटं फिरवा. फायबर पडलं की माल घट्ट दिसतो आणि गवंडी हमखास पाण्याच्या बादलीकडे वळतो. तिथे तुम्ही उभे राहा. हवं तर प्लॅस्टिसायझर थोडं वाढवा, पाणी नाही. हातमोजे आणि चष्मा सगळ्यांना सक्तीचा, स्टीलचे तंतू डोळ्यात गेले तर डोळा जातो.

आवारातच करता येणारी धक्क्याची चाचणी

६ इंची पीव्हीसी पाइपचे अडीच इंच उंचीचे तुकडे कापा आणि त्यांत काँक्रीटच्या चकत्या ओता. काही साध्या, काही फायबरच्या. २८ दिवसांनी चकती पक्क्या बैठकीवर ठेवून मधोमध ६३.५ मिलिमीटरचा पोलादी गोळा ठेवायचा आणि त्यावर ४.५४ किलोचं वजन ४५७ मिलिमीटरवरून पुन्हा पुन्हा पाडायचं. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या एसीआय ५४४ मधली ही पद्धत. पहिली चीर कितव्या घावाला आणि फुटली कितव्याला, एवढंच लिहायचं. निकालात तफावत फार असते, म्हणून प्रत्येक प्रकारच्या पाच-सहा चकत्या तरी हव्यात.

आमच्या मुकादमाने पहिल्यांदा हे केलं तो दिवस आठवतो. साध्या चकतीला चीर दिसली आणि पुढच्याच एक-दोन घावांत ती दोन तुकडे होऊन पडली. फायबरच्या चकतीला चीर आली, पण ती तशीच उभी. तो मारत राहिला, वजन धरणारा माणूस बदलला, चिरा तीन झाल्या, आतले तंतू चकाकत बाहेर दिसू लागले, तरी चकती एका जागी. "ही मरतच नाही," मुकादम म्हणाला. त्यानंतर फायबर नीट भुरभुरवा असं त्याला पुन्हा सांगावं लागलं नाही.

भिंत उभी करताना

जाडी, पाया आणि सळई तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायची, ती लेख वाचून ठरवू नका. पण त्याच्याकडून या गोष्टी मागून घ्या: सळईची जाळी दोन्ही तोंडांना हवी, आणि दोन्ही जाळ्या आडव्या हुकांनी एकमेकींना बांधलेल्या हव्यात, नाहीतर धक्क्यात मागची जाळी सुटी पडते. उभ्या सळया पायात पूर्ण अडकलेल्या हव्यात आणि सगळे जोड एकाच उंचीला नकोत. फायबर घातलं म्हणून सळई कमी करू देऊ नका.

कव्हर ब्लॉक काँक्रीटचेच, भिंतीच्याच प्रतीचे. दगडाची कपची किंवा विटेचा तुकडा सारून काम भागवतात, आणि मीठ बरोब्बर तिथूनच आत शिरतं. बाइंडिंग वायरची टोकं आतल्या बाजूला वळवा.

व्हायब्रेटर थोडा-थोडा वेळ, पण जवळजवळच्या अंतरावर. क्युरिंग १४ दिवस, ओलं गोणपाट आणि वरून प्लॅस्टिक. वारा सुटला की गोणपाट तासाभरात सुकतं, म्हणून दुपारी एक माणूस फक्त यासाठीच ठेवा. वेळ दिवाळीनंतरची धरा म्हणजे एप्रिलपर्यंत सगळं निवांत आटपतं. मेअखेरीस घाईघाईत ओतलेल्या भिंती मी लांबूनही ओळखतो.

पाणी निघायची छिद्रं विसरलात तर बाकी सगळं व्यर्थ. पावसात डोंगराकडे साठलेलं पाणी कुठल्याही दगडापेक्षा जास्त भिंती पाडतं. १०० मिलिमीटरचे पाइप, दीड-दीड मीटरवर, डोंगराच्या बाजूला खडी आणि जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवून पाणी सोडणारं कापड.

पुढची गादी, मागची जाळी

डोंगराच्या बाजूला भिंतीपुढे आधी एक चर खणा, म्हणजे लहान दगड त्यातच विसावतील. मग भिंतीला लागून गॅबियनचे पिंजरे, जस्त आणि वरून पीव्हीसी लावलेल्या तारेचे, एक मीटर तरी रुंद. त्यांत एकाच आकाराचे मोठे दगड गच्च बसवण्यापेक्षा लहान-मोठी मिसळ भरा, ती धक्क्याला सरकते आणि ऊर्जा खाते. खर्च आवाक्याबाहेर जात असेल तर जुने टायर रचून त्यांत बारीक खडी भरा, मात्र तळाशी भोकं पाडा, नाहीतर पाणी साचून डास होतात. हा थर मार खाण्यासाठीच आहे. तो चेपला तर बदलायचा, भिंत शाबूत राहते. त्याचा भार भिंतीवर येणार आहे हे इंजिनिअरला आधी सांगा.

निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२० ला, बसरा स्टार हे जहाज रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या बंधाऱ्यावर येऊन आदळलं. एवढ्या धक्क्यासाठी कुणी घराची भिंत बांधत नाही. पण सुटे दगड आणि टेट्रापॉड (चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) रचलेला बंधारा थोडा हलतो, बसतो, आणि हलण्यातच बरंच काही जिरवतो, हे तिथे उभं राहिलं की समजतं.

घराच्या बाजूचं तोंड सगळ्यात दुर्लक्षित. समोरून घाव बसला की दाबाची लाट भिंतीतून मागच्या तोंडापर्यंत जाते आणि परतताना ताण होऊन येते. त्यामुळे पुढे फक्त खळगा दिसतो, आणि मागून कपचे गोळीसारखे उडतात. माणसांना इजा होते ती यांनी. म्हणून मागच्या तोंडाला काचतंतूंचं कापड इपॉक्सीने चिकटवा आणि वरून उन्हापासून वाचवणारा रंग द्या. भिंत पूर्ण कोरडी असतानाच हे काम करायचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये. ओलसर भिंतीवर इपॉक्सी दुसऱ्या पावसात पापुद्र्यासारखं सुटतं. हे परवडत नसेल तर निदान भिंतीला लागून बसायचा कट्टा, गोठा किंवा मुलांचा झोका ठेवू नका.

दर वर्षी दसऱ्यानंतर

चर उपसा. पिंजरे कुठे चेपलेत ते बघा. पाइपांतून काठी घालून पाणी वाहतं का बघा. मग लहान हातोडी घेऊन मागचं तोंड हातभर अंतरावर ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द वाजलं तिथे कव्हर सुटलं आहे. खडूने गोल करा आणि पुढच्या पावसाआधी ते काढून पॉलिमर मॉर्टरने भरा. सळईच्या रेषेत उतरलेली तांबडी रेघ दिसली तर तो एखाद्या तंतूचा ठिपका नाही, सळईचा गंज आहे. तिथे लगेच इंजिनिअरला बोलवा.

चीर दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना ऑइलपेंटने आडवी खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. पुढच्या दसऱ्याला चीर खुणेच्या पलीकडे गेलेली असेल, तर इंजिनिअरला फोटो पाठवू नका, त्याला भिंतीपाशी घेऊन या.